घरच्या अंगणात कारची देखभाल: कुठपर्यंत हात घालायचा?

प्रश्न असा आला आहे: "नंदगडजवळ राहतो, हायस्कूलला शिक्षक आहे. २०१७ ची पेट्रोल वॅगनआर सेकंडहँड घेतली आहे. रोज खानापूरपर्यंत जाणं-येणं, अधूनमधून बेळगाव, आणि मुलगी पणजीला शिकते म्हणून जांबोटी-चोर्ला मार्गे गोवा. सर्व्हिसिंगचं बिल दरवेळी वाढतंच आहे. घरच्या घरी काय काय करता येईल? व्हिडिओ बघून ब्रेक पॅडसुद्धा बदलता येतील असं वाटतं."

सर, करता येण्यासारखं बरंच आहे. फक्त ब्रेक पॅडपासून सुरुवात नको.

कुठलं काम घरी करायचं हे मी सोपं-अवघड बघून ठरवत नाही. चुकलं तर काय होईल ते बघतो. एअर फिल्टर नीट बसला नाही, बॅटरीचं टर्मिनल सैल राहिलं, तर फार तर गाडी चालू होणार नाही किंवा वाटेत कुठेतरी उभी राहील. वैताग होतो, कुणाला तरी फोन करावा लागतो, संपलं. ब्रेकमध्ये किंवा स्टिअरिंगमध्ये चूक राहिली तर गाडी उभीच राहत नाही, आणि ते कळतं चोर्ला घाटातून गोव्यातल्या सांखळीकडे उतरताना. पॅड बदलणं हातानं बघितलं तर दोन बोल्टांचं काम आहे. पण पिस्टन मागे ढकलताना सील दुखावलं का, पिना कोरड्या पडल्यात का, होजला पीळ बसला का, हे नजरेला सवय लागल्याशिवाय दिसत नाही. एखाद्या मेस्त्रीशेजारी बसून दोन-तीनदा बघा, मग ठरवा.

दुसरी गोष्ट गाडीखाली जाण्याची. गाडीबरोबर मिळणारा कात्री जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. आपल्याकडे हमखास दिसणारा प्रकार म्हणजे घराच्या बांधकामातून उरलेले जांभ्याचे चिरे गाडीखाली लावणं. चिरा भिंतीत चांगला, कारण तिथे वजन सगळ्या पृष्ठभागावर पसरतं. गाडीचं वजन एका टोकावर येतं, आणि जांभा मुळात भोकाभोकांचा. पावसात भिजलेला असला तर आणखी ठिसूळ. तडकताना आधी कुठलीही सूचना देत नाही. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचंही तेच. दोन-तीन टनी जॅक स्टँडची एक जोडी घ्या, पैसे जायचे तर सगळ्यात आधी तिथे जाऊ देत. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच ते लावायचे. अंगण शेणामातीचं किंवा लाल मातीचं असेल तर जॅकखाली जाड फळी हवीच, नाहीतर गाडी वर जायच्या ऐवजी जॅक खाली जातो.

मागची बाजू उचलत असाल तर आणखी एक लक्षात ठेवा. हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो. ती चाकं हवेत गेली की हँडब्रेक असून नसल्यासारखा. म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट, म्हणजे चाक अडवणारे ठोकळे, लावा, गिअर पहिला ठेवा. स्टँडवर गाडी टेकली की बाहेरूनच हातानं चांगली हलवून बघा. काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवा. स्टँड सटकलाच तरी गाडी चाकावर अडते.

आता इंजिन ऑइल. घरी शिकायला यासारखं दुसरं काम नाही, आणि तुमच्या वापराला ते महत्त्वाचंही आहे. कंपनीचा हिशेब दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते. तुमचं रोजचं अंतर कमी आहे. इंजिन पूर्ण तापायच्या आत शाळा येते. अशा गाडीत तेलातली ओल उडून जात नाही, म्हणून किलोमीटर भरले नाहीत तरी वर्ष चुकवू नका. मी तर मे महिन्यात बदला म्हणेन, पावसाच्या तोंडावर.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण दर जुलै-ऑगस्टला तिच्यापायी कुणी ना कुणी घाबरून गाडी घेऊन येतं. तेल भरायचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला सायीसारखा पिवळट फेस दिसतो. लगेच कुणीतरी सांगतो, हेड गॅस्केट गेलं, इंजिन उघडावं लागणार. थांबा. पावसाळा, थंड हवा, छोट्या फेऱ्या, यात झाकणाला वाफ धरते आणि तेलात मिसळून फेस होतो. डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, बाहेर काढून बघा. तिथलं तेल स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी जागच्या जागी असेल, तर बेळगावपर्यंत एकदा नीट गाडी चालवून आणा आणि झाकण पुसून टाका. डिपस्टिकवरचं तेलच दुधाळ झालं असेल तर मात्र गाडी चालू करायची नाही, ओढूनच न्यायची.

तेल बदलताना इंजिन पाचेक मिनिटं चालवून कोमट करा. कडक तापलेलं नको, हात भाजतो. वरचं झाकण आधी उघडून ठेवा म्हणजे तेल सरळ धारेनं उतरतं. खाली ड्रेन प्लग पान्यानं सैल केला की शेवटचे आटे हातानं फिरवायचे, आणि फिरवताना प्लग आत दाबून धरायचा. आटे संपल्याचं बोटांना कळतं. तेव्हा झटक्यात बाजूला घ्या, म्हणजे तेल ट्रेमध्ये पडतं आणि प्लग तुमच्या हातात राहतो. नाहीतर प्लग काळ्या तेलात बुडतो आणि कोपरापर्यंत हात घालून शोधावा लागतो. पंधरा मिनिटं निथळू द्या. तेल काळं आलं म्हणून काळजी नको, ते त्याचं कामच आहे. ट्रे उन्हात तिरका करून बघा. चांदीसारखी चमक तरंगत असेल तर आत काहीतरी झिजतंय, आणि ते मेस्त्रीला दाखवायला हवं.

प्लगचा वायसर दरवेळी नवा. स्वस्तातली गोष्ट आहे, पण सगळी गळती तिथूनच सुरू होते. प्लग आधी पूर्ण हातानं बसवा, मग छोट्या पान्यानं आवळा. पान्याला पाईप लावून जोर काढणारे बहाद्दर मी खूप बघितलेत. आटे जातात ते तिथेच. गेलेच तर बेळगाव जवळ आहे हे नशीब समजा. उद्यमबागेत लेथ आणि आटे मारायचं काम करणारे गल्लीगल्लीत आहेत, आणि गेलेल्या आट्यांत नवे आटे बसवणं त्यांना नवीन नाही. पण तिथवर गाडी न्यायची कशी, तेलाविना, हा प्रश्न उरतोच की!

फिल्टर काढला की त्याच्या तोंडाशी रबराची रिंग आहे ना ते बघा. कधीकधी जुनी रिंग इंजिनालाच चिकटून राहते, आणि नवा फिल्टर तिच्यावर बसतो. दोन रिंगा एकावर एक. गाडी चालू केल्यावर दाबानं त्यातली एक सरकते आणि सगळं तेल रस्त्यावर. नव्या रिंगेला बोटानं थोडं ताजं तेल लावा, फिल्टर हातानं फिरवत टेकवा, टेकल्यावर साधारण पाऊण फेरा आणखी. तिथे पाना लावायचा नाही.

तुमच्या इंजिनाला तीन लिटरच्या आतबाहेर तेल लागतं, पण मी आकड्यावर जात नाही. ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेली तीच घ्या, आधी अडीच लिटर ओता, मग डिपस्टिक बघत थोडं थोडं. गाडी चालू केली की तेलाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर ताबडतोब बंद. विझला तर एक मिनिट चालू ठेवून खाली वाकून बघा, मग बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा डिपस्टिक. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ. वरच्या खुणेच्या पुढे नाही. "थोडं जास्त असलं तर बरंच" हे पेट्रोलच्या टाकीला लागू पडतं, इंजिनाला नाही. जास्त तेल क्रँकशाफ्टच्या फेऱ्यात फेसाळतं आणि सीलमधून बाहेर येतं.

यात पैसे किती वाचतात? खरं सांगायचं तर थोडेच, फक्त मजुरी. मिळतं ते हे, की इंजिनात कुठलं तेल गेलं, फिल्टर खरोखर बदलला का, हे तुम्हाला माहीत असतं. फिल्टर आणि तेल कंपनीच्या अधिकृत पार्ट काउंटरवरनंच घ्या. फिल्टरमध्ये नकली माल सर्रास असतो, आणि डबा इतका हुबेहूब की आम्हीसुद्धा फसू. आणि हे काम रविवारी संध्याकाळी काढू नका. काही अडलं तर दुकानं बंद आणि सोमवारी शाळा.

जुनं तेल नाल्यात किंवा परसात ओतायचं नाही. गावात लगेच कोणीतरी मागायला येतो, वाशांना नाहीतर कुंपणाच्या खांबांना लावतो म्हणतो, वाळवी लागत नाही म्हणून. देऊ नका. पावसात ते धुऊन मातीत आणि तिथून विहिरीत उतरतं. नव्या तेलाच्या रिकाम्या कॅनमध्येच भरा आणि ज्या गॅरेजमध्ये जुन्या तेलाचं बॅरल आहे तिथे नेऊन द्या. बरेचजण घेतात.

एअर फिल्टर हे पाच मिनिटांचं काम. क्लिपा काढा, डबा उघडा. आपल्या कच्च्या रस्त्यांवरच्या लाल मातीनं तो मॅन्युअलमधल्या अंतरापर्यंत टिकत नाही. मी निम्म्यातच बदलतो. मध्ये साफ करायचा तर हळूच झटका, आणि हवा मारायची तर आतून बाहेर, कमी दाबानं. बाहेरून मारली की धूळ कागदात आणखी खोल बसते. पाण्यानं धुवायचा तर मुळीच नाही. केबिन फिल्टर तुमच्या गाडीत असला तर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे सापडेल. चिकोडी-अथणीकडे ऊस तोडणीनंतर पाचट पेटवतात तेव्हा हवेतली काळी राख तिथेच जाऊन बसते. तुमच्याकडे ती कमी, पण पाहुण्यांकडे जाऊन आलात की एकदा बघा.

पुढच्या काचेच्या खाली, वायपरजवळ, जाळी असते. तिथे झाडाचा पाला साचतो आणि पाणी जायची वाट बुजते. मग पाणी ब्लोअरमधून पायाखालच्या मॅटवर. जूनच्या आधी तो पाला हातानं काढला तर गाडीत कुबट वास येण्याचं निम्मं कारण गेलं. दारांच्या खालच्या कडेलाही बारीक भोकं असतात. त्यातली माती काडीनं मोकळी करा, नाहीतर दार आतून गंजतं.

बॅटरीसाठी एक साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसलं तर अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्र, ठीक. एवढ्या दोन आकड्यांवर "बॅटरी गेली, नवी टाका" हे खरं की खोटं ते कळतं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी आली तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशनं धुवा, कोरडं करा, आवळा, वरून पातळसं ग्रीस. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलटं केलं आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी कशी असते ते दिसतं.

उंदरांचं विचारलं नाहीत, पण भाताच्या शेताजवळ गाडी उभी राहते म्हणजे पावसाळ्यात हा प्रश्न येणारच. निपाणीकडचे लोक बोनेटखाली तंबाखूची पानं ठेवतात, आणि ते बघून आता सगळीकडे ठेवायला लागलेत. वास दोन-चार दिवस टिकतो, मग उंदीर त्याच्याच शेजारी बसतो. शिवाय वाळलेलं पान एक्झॉस्टला लागलं तर पेट घ्यायचा धोका. त्यापेक्षा रात्री बोनेट थोडं उघडून ठेवणं किंवा बोनेटखाली उजेड ठेवणं जास्त लागू पडतं, कारण उंदराला अंधार आणि ऊब हवी असते. बोनेट उघडं ठेवलं तर त्याची आठवण म्हणून स्टिअरिंगला फडकं बांधा. सकाळी इंजिन चालू करण्याआधी वायरींवर एक नजर.

कूलंट गार इंजिनावरच बघायचं, बाटलीवरच्या दोन खुणांच्या मध्ये. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत दाब असतो म्हणूनच ते पाणी शंभर अंशाच्या पुढे जाऊनही उकळत नाही, आणि झाकण उघडताक्षणी सगळं तोंडावर येतं. नळाचं, विहिरीचं पाणी घालू नका, तयार मिसळलेलं कूलंट मिळतं तेच घाला. रंग बघून जोडी लावू नका, कारण एकाच रंगात वेगवेगळी रसायनं असतात. दर महिन्याला भर घालावी लागत असेल तर ती गळती आहे आणि ती मेस्त्रीनं शोधायची. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यानं मरतात.

ब्रेक बघायला मात्र मी तुम्हाला नक्की सांगेन. हात लावायचा नाही, बघायचं. चाक काढल्यावर पॅडची जाडी दिसते. तीन मिलिमीटरच्या जवळ आली की गॅरेजची वेळ घ्या. ब्रेक ऑइलची पातळी पॅड झिजतात तशी हळूहळू खाली जाते, म्हणून ती खाली गेली की नुसती भर घालून मोकळं होऊ नका, आधी पॅड बघा. आणि ते ऑइल दोन वर्षांनी बदलून घ्या, गाडी कमी चालली तरी. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. ब्रेक ऑइलचे डॉट ३, डॉट ४ असे प्रकार असतात. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरल्यावर तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ ची आणखी कमी, १४० अंश. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात ओल किती असते ते तुम्हाला सांगायला नको. चोर्ल्याला सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर तेल उकळतं, पाईपमध्ये वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल स्पंजासारखं खाली जातं, गाडी थांबत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. पेडल मऊ लागलंच तर गिअर खाली आणत बाजूला घ्या आणि अर्धा तास थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते.

टायरची हवा गार असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे. स्टेपनीचीही. खाचांमध्ये लहान उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे १.६ मिलिमीटर उरलं, टायर संपला. सेकंडहँड गाडी आहे म्हणून टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. खाचा भरपूर दिसतात आणि टायर इतका जुना निघतो, असं जुन्या गाड्यांत नेहमीचं.

पाण्याचं एकच सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आपल्या जिल्ह्यात ज्या गाड्या बुडाल्या, त्यातली कित्येक इंजिनं पाण्यानं गेली नाहीत, पाणी ओसरल्यावर "चालू होते का बघू" म्हणून चावी फिरवल्यानं गेली. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात उभी होती तर चावीला हात लावू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा, एअर फिल्टरचा डबा उघडून ओला आहे का बघा, आणि गाडी उचलून न्या.

कशाच्या वाटेलाही जायचं नाही ते थोडक्यात. एअरबॅगच्या पिवळ्या वायरी, एसीचा गॅस, सस्पेन्शनच्या स्प्रिंगा, टायमिंग चेन. सीएनजी किट बसवलंत तर तेही, आणि त्याच्या टाकीची तीन वर्षांनी होणारी चाचणी चुकवू नका.

अवजारं एकदम घेऊ नका. स्टँड, पान्यांचा आणि सॉकेटचा बरा संच, टॉर्क रेंच, मल्टिमीटर, हवेचा गेज, तेलाचा ट्रे. नंतर जमलं तर ब्लूटूथचं ओबीडी यंत्र, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं, तुमच्या २०१७ च्या गाडीला चालतं. इंजिनचा दिवा लागला तर कोड वाचून लिहून ठेवा, पुसून टाकू नका. पी०३०० आला म्हणजे मिसफायर होतंय, सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, एवढंच कळलं. स्पार्क प्लग, कॉइल, की आणखी काही, ते शोधायचं राहतंच.

स्पार्क प्लगही घरी बदलता येतात, इंजिन पूर्ण गार असताना. हेड ॲल्युमिनियमचं आहे, म्हणून पहिले आटे नुसत्या हातानं, सॉकेटची दांडी बोटांत धरून. अडलं तर मागे फिरवा, जोर लावू नका.

आणि बिलाबद्दल. गाडी आत देतानाच सांगा की बदललेले जुने पार्ट डिकीत ठेवून द्या. बिल हातात आलं की प्रत्येक ओळ वाचा. तुमच्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग मोटरवर चालतं, त्याला तेल लागत नाही. आणि स्पार्क प्लग चार लावले असं लिहिलेलं दिसलं, तर चौथा कुठे बसवला तेवढं दाखवायला सांगा. तुमचं इंजिन तीन सिलिंडरचं आहे.